मावशीचं डुगडुगणारं स्टूल

ती. मावशीस,

तुझ्या लाडक्या (निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी) भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईची कंबर बरी आहे, बाबांची चिडचिड नेहमीइतकीच आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? आणि स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय का? (नळाची चौकशी उगाच करत नाहीये, पुढे कळेलच.) फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू पहिल्याच वाक्याला माझी अशी हजेरी घेतली असतीस की दुसरं वाक्य घशातच राहिलं असतं.

तर वि. वि. अशी की, वरच्या फळीवरचे डबे काढायला तू ज्याच्यावर चढायचीस ते वीतभर उंचीचं लाकडी स्टूल दोन वर्षांपूर्वी नाहीसं झालं, ते मी नेलं. हुश्श, लिहून टाकलं एकदाचं! तू तेव्हा नळ दुरुस्त करणाऱ्यावर आळ घेतलास, स्टूल आणि तुझी काळी छत्री दोन्ही त्यानेच लांबवली म्हणून त्याला दारातून हाकललंस, आणि तेव्हापासून तो तुमच्या गल्लीत पाऊल टाकत नाही. (छत्रीचं मला काही माहीत नाही.)

मावशी, क्लासिकल गिटार वाजवताना डावा पाय जरा उंचावर ठेवावा लागतो. त्यासाठी घडीचं लोखंडी पायठेवणं मिळतं. माझ्या गिटारच्या बाईंनी मला ते दिलंही होतं, पण एका हळुवार तुकड्याच्या ऐन मध्यात ते खाडकन मिटलं आणि माझा पाय आत अडकला. (लोकांना माझी किंकाळी त्या तुकड्यातलीच वाटली, टाळ्या पडल्या.) तुझ्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. ते टक्-टक् डुगडुगतं आणि त्यावर माझा ताल चालतो. बाई सगळीकडे सांगतात की या मुलाला उपजत लय आहे. उपजत कसली डोंबलाची! लय सगळी तुझ्या स्टुलात.

या स्टुलावर माझी कारकीर्द (हसू नकोस) उभी आहे. पहिला कार्यक्रम दाताच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत. पेशंटची भीती जावी म्हणून मला बसवलं होतं. पण आतलं यंत्र माझ्या तारेपेक्षा अर्धा सूर चढं लागायचं, ते मला सहन होईना, म्हणून मी तार यंत्राला मिळवून घेतली. त्यानंतर बाहेर बसलेल्यांना माझ्याही वाजवण्याने दाढा शिवशिवल्यासारख्या होऊ लागल्या आणि तिघं नंबर सोडून घरी गेले. दुसरा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात. अकरा श्रोते, मध्यंतरानंतर चार, त्यातली एक तू. स्टुलावर काळं कापड टाकलं होतं तरी तू पहिल्या रांगेतून माझ्या पायाकडेच टक लावून बघत होतीस. मेलो, ओळखलं हिने, असं वाटून माझा जीव इतका टांगणीला लागला की चुकायचं सुचलंच नाही. तेवढा एकच कार्यक्रम मी बिनचूक वाजवला. नंतर तू एवढंच म्हणालीस, ‘कापड छान होतं हो!’

आणि मग गेल्या रविवारी फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन. मला दोन सोफ्यांच्या मधे बसवलं. मी पाणी प्यायला म्हणून उठलो, बाहेर गप्पांत तासभर रमलो आणि तेवढ्यात विक्रेत्याने ‘शेवटचा नग’ अशी चिठ्ठी चिकटवून माझं स्टूल विकून टाकलं! (गिटारलाही चिठ्ठी लागली होती, पण तिला गिऱ्हाईक मिळालं नाही.) घेणारे कोण, विचारलं तर म्हणाला, एक टक्कलवाले काका, हातात निळी छत्री, अर्धा तास घासाघीस केली, आणि म्हणत होते की हुबेहूब आमच्या घरच्यासारखं आहे, बायको खूश होईल.

काल तू आईला फोनवर सांगत होतीस, ह्यांनी दोन वर्षांनी का होईना स्टूल आणलं, पण मेलं पहिल्यासारखंच डुगडुगतं! डुगडुगणारच गं मावशी, ते तेच आहे.

काकांना बोलू नकोस, त्यांनी प्रेमाने आणलंय. मोठ्यांना नमस्कार. लोभ आहेच, रागही असू दे, फक्त जरा बेताने.

तुझा,
खुडबुड्या

ता. क. शुक्रवारी सुताराला बोलावलं आहेस असं कळलं. तुझ्या पाया पडतो, त्याला स्टुलाला हात लावू देऊ नकोस! शनिवारी सकाळी अकराला संगीत विद्यालयाची निवडचाचणी आहे. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी. नापास झालो तर बाबांनी पंखे दुरुस्तीच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय.

ता. क. २. स्टूल कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि समोर बस. उलटं करून पाहिलंस तर खाली पेन्सिलने प्रत्येक कार्यक्रमाची नोंद आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलंय : ‘मावशी शेवटपर्यंत बसली.’ ते वाचून डोळ्यांत पाणी आलं तर तसंच राहू दे आणि त्याच भरात पुढचा ता. क. वाच.

ता. क. ३. ते काळं कापड छत्रीचं होतं. नळवाल्याला बोलावून घे.