सिलिंडर खाली आहे

७ डिसेंबर, रविवार

गाडी दारात आली. जुनी सतरा सीटर, आधी एका शाळेची होती. सरोजिनी नगरच्या जयसिंग मिस्त्रीने दीड महिना खपून तिचं घर केलं. पलंग, ओटा, बेसिन, छतावर सोलर. लखनौच्या अख्ख्या अलीगंजात अशी दुसरी नाही. शेजारी बाल्कनीतून बघत होते. कौतुकानेच असणार.

संकल्प: २६ तारखेला सकाळी निघायचं. मी, विजया आणि नात अनन्या. मुलगा-सून एअरफोर्सच्या पोस्टिंगवर आसामात, त्यामुळे तिची शाळा आणि तिची सुट्टी दोन्ही आमच्याकडे. मुक्काम शारदा नदीच्या काठी, जयसिंगच्या सासुरवाडीच्या उसाच्या शेतात. तीन रात्री ऑफ-ग्रिड. वीज नाही, नेटवर्क नाही, चार किलोमीटरवर माणूस नाही.

विजयाने विचारलं, काही झालं तर कळणार कुणाला. मी म्हटलं, कळण्यासाठी आधी काहीतरी व्हावं लागतं. ती उठून आत गेली. म्हणजे पटलं.

९ डिसेंबर

जयसिंग म्हणतो, "साहब, गैस वाला अलार्म लगवा लीजिए, बंद गाड़ी है, उसी में सोना है." मी हसलो.

रेल्वेत चौतीस वर्षं डबे तपासले. गाडी फलाटात शिरताना मी टोकाला उभा राहायचो. चाकाचा आस तापला की आधी वास येतो, धूर नंतर. तो वास मी कुणाच्याही आधी पकडायचो. लखनौ डिव्हिजनमध्ये मला 'नाकवाले साहब' म्हणायचे. अलार्म हा नाक नसलेल्यांसाठी असतो. जयसिंगला तसं स्पष्ट सांगितलं. तो 'जी' म्हणाला, पण माझ्याकडे बघत राहिला.

१२ डिसेंबर

धुकं. सोलर पॅनेलमधून दिवसभरात मोबाइलसुद्धा चार्ज झाला नाही. ऊन पडलं की होईल.

इन्सुलेशन स्वतः केलं. आपला हात जगन्नाथ. दरवाजांना रबर बीडिंग, खिडक्यांना फोम, प्रत्येक फटीत सिलिकॉन. आता आत मुंगी शिरणार नाही. पलंगाखालच्या गॅसच्या कप्प्यात जयसिंगने तळाला दोन इंचाचं भोक ठेवलं होतं, थेट रस्त्याकडे उघडणारं. त्यातून बर्फासारखा वारा. थर्माकोल कोंबून वरून टेप मारली. त्याला फोन करून चूक दाखवली. तो म्हणाला ती चूक नाही, गैस भारी होती है, नीचे बैठती है, निकलने को रास्ता चाहिए. मी म्हटलं, माझ्या गाडीतला गॅस निघायचं कारणच काय.

१४ डिसेंबर

सकाळी दूध उतू जाऊन करपलं. मी ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलो होतो. विजया अंगणातून धावत आली, सगळ्या खिडक्या उघडल्या. अहो, तुम्हाला वास नाही आला? असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, एकाग्रता. ती बराच वेळ पातेलं घासत होती.

थंडीत नाक जरा विश्रांती घेतं, एवढंच. उन्हाळ्यात बघा.

१६ डिसेंबर

पाच किलोचा सिलिंडर आणला, भरलेला. कप्प्यात बसवला. रेग्युलेटरला गॅस किती उरला ते दाखवणारा काटा आहे, तो हिरव्याच्या टोकाला. जयसिंगने जाळीची नळी आणायला सांगितलं होतं. घरची जुनी रबरी नळी पडून होती, तीच लावली. तिच्यावर २०१७ छापलंय. तेव्हाचं रबर चांगलं असायचं.

साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे असतात म्हणे. फेस कोण पुसणार? मी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. काही नाही. पास. रेग्युलेटर चालूच ठेवला.

१८ डिसेंबर

कॅम्परवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे 'सुखी ऑफ-ग्रिडचे सात नियम' टाकले. नियम ३: फट दिसली की बुजवा. नियम ५: जुनं पण टिकाऊ वापरा. नियम ७: यंत्रापेक्षा इंद्रियांवर विश्वास ठेवा. चौदा अंगठे आले. एकाने विचारलं, अंकल, आतापर्यंत किती रात्री काढल्या. हा प्रश्न अप्रस्तुत होता, उत्तर दिलं नाही.

गाडीसाठी आठवा नियम, घरगुती: आत फक्त मराठी. अनन्याला सगळं कळतं पण उत्तर देते हिंदीत. 'आजोबा, आप भी ना.' तेरा वर्षांची झाली, स्वतःच्या भाषेत धड एक वाक्य नाही. आजपासून हिंदी ऐकू आली की मी हात वर करणार. मराठीत सांगेपर्यंत ऐकणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम. दुपारी तिघेही गाडीत, दारं बंद. थंडीचं नाव नाही. इन्सुलेशन शंभरपैकी शंभर.

दहा मिनिटांत विजया म्हणाली डोकं जड झालंय आणि कसला तरी वास येतोय. सडक्या कांद्यासारखा. मी खोल श्वास घेतला. काही नाही. फोम नवा आहे, सोल्यूशनचा असेल, असं समजावलं. अनन्याला विचारलं तर तिचं नाक सर्दीने चोंदलेलं. म्हणजे तीन नाकांत एकच तक्रार. बहुमत माझ्याकडे.

विजया खाली उतरली ती परत चढलीच नाही. दारात उभी राहून म्हणाली, अहो, एकदा मनापासून सांगा, तुम्हाला खरंच काही येत नाही? मी म्हटलं, असलं तर येईल ना. या बाईला नाकाने कांदे सोलायची सवयच आहे.

ऊब टिकावी म्हणून गाडी कुलूपबंद केली. आता थेट २६ला उघडायची.

२४ डिसेंबर

बाहेरच्या झाकणातून बादली काढायला अनन्याला पाठवलं. गॅसच्या कप्प्याला बाहेरूनही एक छोटं दार आहे, बादली तिथेच असते. धावत परत आली. "आजोबा, वो सिलेंडर..." मी हात वर केला. तिने डोळे फिरवले, शब्द जुळवले आणि म्हणाली, आजोबा, सिलिंडर खाली आहे.

पूर्ण वाक्य. कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर. मला भरून आलं. म्हटलं, शाबास, खालीच असायला हवा, मीच ठेवलाय. ती म्हणाली, नाही आजोबा, पूर्ण खाली. मी म्हटलं, हो, अगदी तळाला, वजन जितकं खाली तितकी गाडी स्थिर, हे रेल्वेचं तत्त्व आहे. तिने खांदे उडवले आणि सर्दीचं औषध घ्यायला गेली.

मुलगी रस घ्यायला लागली. संध्याकाळी फोनवर विश्वजितलाही सांगितलं, तुझी लेक मराठीत तांत्रिक बोलते.

२५ डिसेंबर

तयारी पूर्ण. कणीक, डाळ-तांदूळ, दोरी, टॉर्च, जास्तीची चादर. विजयाने तिची बॅग भरली नाही. उद्या सकाळी भरते म्हणाली. जयसिंगला हळू आवाजात फोन करत होती, मी आल्यावर ठेवला. सरप्राइज असेल.

समोरच्यांची मांजर महिनाभर आमच्या गाडीखाली झोपायची. चार दिवस फिरकली नाही. आज तिला दूध दाखवून बोलावलं. चाकापर्यंत आली, मान वर केली आणि उलट्या पावली गेली. थंडी वाढलीय खरी.

गाडीची पूजा उद्या. आमच्या मिरजेकडची रीत, नवी गाडी पूजेशिवाय दारातून हलत नाही. सगळे बोनेटसमोर करतात. पण या धुक्यात, वाऱ्यात निरांजन टिकायचं नाही. मी आत करणार, ओट्यावर. दार लावून.

२६ डिसेंबर, पहाटे ५.४०

आंघोळ झाली. ताट तयार: निरांजन, कापूर, उदबत्ती, नारळ, काडेपेटी. विजया आत आवरतेय. ती येईपर्यंत निरांजन लावून टाकतो.

२६ डिसेंबर, सकाळी ११.१५

जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

गाडीत चढलो, दार लावलं. बीडिंगमुळे ते 'फुस्स' करून बसतं, मला तो आवाज आवडतो. अंधार होता. दिव्याचं बटण दाबलं. बॅटरी उतरलेली. पंधरा दिवस धुकं, सोलर झोपलेलं. मी पॅनेलवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर जयसिंग म्हणाला, त्या बॅटरीला रोज नमस्कार करा, त्या बटणात ठिणगी पडते.

डोकं जड वाटलं. उपाशीपोटी आहे म्हणून, असं वाटलं. चाचपडत निरांजन ओट्यावर ठेवलं. पहिली काडी दमट होती, गुल नुसतं चोळलं गेलं. दुसरी काढली. पेटीवर टेकवली.

काचेवर टकटक झाली. अनन्या, स्वेटर डोक्यावरून ओढत, अर्धी झोपेत. बाहेरूनच ओरडली, "आजोबा, दूसरा सिलेंडर नहीं लिया क्या? ये वाला तो परसों से ख़त्म है. मैंने बोला तो था आपको."

हिंदी ऐकून मी सवयीने हात वर केला. त्याच हातात काडी होती.

ख़त्म. खाली म्हणजे हिंदीतलं खाली, रिकामा; तिने काटा पाहिला होता. सोळा तारखेला पाच किलो भरलेला. तेव्हापासून एक कप चहा झालेला नाही. पाच किलो गॅस बाहेर गेलेला नाही, कारण बाहेर जायच्या सगळ्या वाटा मी स्वतः सिलिकॉनने बुजवल्या होत्या. मग तो कुठे आहे? मी त्यात उभा होतो. घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत की नाकापर्यंत, मला कळायला मार्ग नव्हता. मी श्वास घेऊन पाहिला. नेहमीसारखंच, काही नाही.

आणि पोर दाराच्या हँडलला हात घालून उभी होती, आत यायला.

काडी मुठीत घट्ट धरली. दार उघडून उडी मारली, अनन्याला धरून फाटकाबाहेर नेलं. ती दोनच पावलांत नाक धरून खोकायला लागली. सर्दी असूनसुद्धा. तोपर्यंत विजया पायरीपर्यंत आली होती. तिथूनच ती ओरडली, कुणी काही पेटवू नका. मग माझ्या मुठीकडे पाहिलं. मी मूठ उघडली. तिने धावत येऊन काडी काढून घेतली.

साडेसहाला जयसिंग आला. त्याला विजयानेच बोलावलं होतं, निघण्याआधी गॅस तपासायला. मी पूजा बोनेटसमोरच करेन असं ती धरून चालली होती. त्याने टॉर्चसुद्धा लांबच ठेवायला लावला. दारं सताड उघडली, थर्माकोल काढला. दोन तास कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. बॅटरीचं तेवढं सांगितलं, रागावला मात्र नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

२८ डिसेंबर, रविवार

काल जयसिंगने दुसरा सिलिंडर माझ्याच नळीला जोडून साबणाचं पाणी लावलं. उघड्यावर, रस्त्यात. नळीवर फेसाचा डोंगर. शेजारी बाल्कनीत होते. या वेळी कौतुकाने नाही.

ग्रुपवर लिहिलं: माझे नियम ३, ५ आणि ७ रद्द समजावेत. कारण दिलं नाही. एकाने विचारलं, अंकल, आता चार उरले का.

आठवा नियमही रद्द. अनन्या आता वाटेल त्या भाषेत बोलते. आज तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आजोबा, आपको सच में कुछ स्मेल नहीं आता?" मी इकडे तिकडे बघितलं. मग म्हटलं, नाही.

एप्रिल २०२१. तापानंतर वास गेला तो गेला. पंधरा दिवसांत येईल म्हणाले होते. जुलैमध्ये रिटायर झालो, निरोप समारंभात माझ्या नाकावर वीस मिनिटं भाषण झालं. गळ्यात गुलाबाचा हार होता आणि त्याला कागदाइतकाच वास होता. त्या दिवशी कसं सांगणार? मग दुसऱ्या दिवशीही सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तर प्रश्नच आला नाही.

विजयाला माहीत होतं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी स्वयंपाकघरात शिरून म्हणालो होतो, वा, काय खमंग चकल्या. ती तेव्हा नुसती सामानाची यादी लिहीत बसली होती. चार वर्षं त्यावर बोलली नाही. का, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पण अनन्याला घेऊन त्या गाडीत झोपायची वेळ आली तेव्हा घाबरले, आणि तरीही तुमचं नाक राखायला गेले. चूक माझीही आहे. हे बोलताना ती रडली. मीही. खूप दिवसांनी.

उसाच्या शेतात गेलो नाही. दुपारी गाडीतच बसलो, दारात उभ्या गाडीत, सगळी दारं उघडी, मफलर गुंडाळून. खिचडी घरातून आणली.

खाऊन झाल्यावर विजयाने मनगट पुढे केलं. लखनौच्या चौक बाजारातून आणलेलं अत्तर लावलं होतं म्हणे, माझा वास गेला त्या पहिल्या वर्षी रोज लावायची, मी एकदाही काही म्हणालो नाही तेव्हा आधी तिला भलतंच वाटलं होतं. मी हुंगलं. 'वा' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, काही येत नाही गं, कोणतं आहे?

ती म्हणाली, हिना. थंडीत लावतात. उबदार असतं.

लिहून ठेवलं. हिना, उबदार.