एकवीस दिवसांची बैठक

२ मे
पोहोचले एकदाची! खोली लहान, पण खिडकी थेट खुराड्यावर उघडते. काम सोपं. नऊ खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसल्यात, त्यांना दिवसातून एकदा उठवून दाणापाणी द्यायचं. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की मी मोकळी. लेकीला ताईकडे ठेवलंय, शाळा उघडायच्या आत येते म्हणून शब्द दिलाय. ताई हसली. म्हणाली, हिच्या पायाला भिंगरी, ही कसली कोंबड्या राखते!

९ मे
आज अंडी तपासली. मालकीणबाईंनी खिडकीला गोणपाट लावून अंधार केला आणि डब्यात दिवा ठेवून, डब्याच्या भोकाशी एकेक अंडं धरायला शिकवलं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत. नुसतंच पिवळट दिसलं तर वांझ, काढून टाकायचं. माझ्या दोनच चुका झाल्या. बाई म्हणाल्या, पोरी, नजर तयार आहे तुझी. स्वारी खूश!

१३ मे
एक कोंबडी मेली. तिच्याखाली बारा अंडी, सगळी जिवंत. दुसरी खुडूक मिळेपर्यंत तूच मांडीवर घे, बाई म्हणाल्या, माणसाची ऊब काय कमी असते? शालीत गुंडाळून बसले. बारा जीव वाचतात तर माझं काय जातंय? पण मी, आणि दिवसभर बूड टेकून! ताईला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

१५ मे
अजून बसलेय. दुसरी कोंबडी मिळाली का, विचारायचं राहूनच जातं. बाई दिवसातून एकदा उठवतात, जेवू घालतात, पंधरा मिनिटांत परत आणून बसवतात. आज घशाला कोरड पडली होती. तांब्या हाताशी होता. घेतला नाही. हात काढला की ऊब जाते.
मला भीती वाटतेय.

१९ मे
दाराला कडी नाही. नीट पाहिलं. दार उघडंच असतं. रोज ठरवते, उठायचं. पाय धड आहेत. मीच उठत नाही.

२३ मे
एकवीस दिवस झाले. खुराड्यात चिवचिवाट. माझी बारा गप्प. जेवायला उठवलं तेव्हा दिव्यापुढे धरली. शीर नाही, ठिपका नाही. बाराही वांझ. मेलेल्या कोंबडीची ही नव्हेतच. बाईंनी कधी बदलली — विचारलं तर म्हणाल्या, बसणारीला काय, काहीही चालतं.
पुन्हा शालीत घेतली. मला माहीत आहे, तरी घेतली.

११ जून
शाळा उघडली असेल. लेक वाट —
बाजू बदलली. डावीकडची गार वाटत होती.

१४ जून
लेक आलीय! ताई अंगणात बाईंशी भांडतेय. लेक माझा हात धरून ओढते, आई चल, आई ऊठ ना. रडते. ओढताना एक अंडं घरंगळलं — तिनं झेललं. फ्रॉकच्या ओच्यात घेतलं. माझ्याशेजारी बसली.
आता रडत नाही.
ताई तिला हाका मारतेय. उठत नाही. ओरडून सांगायला हवं, टाक ते, पळ — पण टाकलं तर अंडं —