काचेआडचा डबा

ती. आईस,

तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

तुझा जुना कडीचा डबा हरवलेला नाही, पण तो माझ्याकडेही नाही. हसू नकोस. आमच्या छोट्या संग्रहालयात लोक घरच्या जुन्या वस्तू, फोटो आणून देतात. त्या वस्तूंच्या टेबलावर मी डबा विसरले आणि मोठ्या बाईंनी तो कुणीतरी दिलाय असं समजून काचेच्या कपाटात मांडला. खाली चिठ्ठी, 'मालक अज्ञात'. आणि मालकीणबाई, म्हणजे मी, रोज तीच काच पुसते!

शेजारी एका अनोळखी कुटुंबाचा फोटो आहे. डबा आता त्यांचाच वाटतो. त्यातली एक बाई थेट मावशीसारखी दिसते, त्यामुळे माझाही गोंधळ उडतो. काल एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या आईचा अस्साच होता." आता कुठल्या तोंडाने परत मागू? आणि झाकणाला पोचा कसा आला गं? लोक विचारतात, म्हणून कळव.

तरी एकदा हिय्या करून बाईंकडे गेले होते. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "उघडून पाहिला, तर आत कोरडा ठणठणीत. किती वर्षांत कुणी त्यात जेवण भरलं नसेल!"

मी तो विसरले त्याच दिवशी, जेवायच्या सुट्टीतच उघडला होता त्यांनी. मग तो माझा आहे, हे कसं सांगणार?

तू मात्र भलतंसलतं मनात आणू नकोस.

तुझीच,
शेंडेफळ