समाजभूषण, दुसरा मजला

३ मार्च, सोमवार

फोनचे आठ डबे! आठही भिंतींवर ठोकून, तारा जोडून, दिवे लावून मोकळे — आणि तेही मी पोचायच्या आधी! वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांना फोटो काढायचा होता म्हणे. यांच्या कपड्यांची घडी कधी मोडत नाही. आत्या त्यांना इस्त्रीसाहेब म्हणते, मीही तेच म्हणणार.

"मॅडम, सगळे हिरवे दिवे लागलेत. तुम्ही आता फक्त चालू करा."

फक्त!

कोरा डबा खोक्यातून निघतो तो कारखान्याने दिलेला पत्ता घेऊन, आणि तो पत्ता सगळ्यांचा एकच असतो. म्हणून आधी एकच डबा लॅपटॉपला जोडायचा, त्याला स्वतःचा पत्ता द्यायचा, नाव द्यायचं, मग दुसरा. आठ एकदम लावले म्हणजे एका वर्गात आठ बाळू. हाक मारली की सगळे "ओ" देणार, नाहीतर कोणीच देणार नाही. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. (बऱ्यापैकी शांतपणे.) इस्त्रीसाहेब म्हणाले, "पण दिवे तर हिरवे आहेत ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. सगळे डबे उतरवले. पाठ मोडली.

४ मार्च

एकेक करत चार झाले. टेलिफोनची मुख्य यंत्रणा तिकडे लांब शहरातल्या कचेरीत, आणि हे डबे इथे — इथल्या फोनचे कान. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक छोटा फोन, त्याला लाल बटण. दाबलं की खाली सिस्टरचा फोन वाजतो आणि जवळच्या डब्याचं नाव पडद्यावर येतं. म्हणजे माणूस कुठे पडलाय ते कळतं. साधी गोष्ट आहे.

हे काम मी मागून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे शेवटची खोली आत्याची. हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि जेवणाचं ताट येईपर्यंत तशीच फरशीवर होती. मला बोलली नाही. झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. 

आत्याला फोन दाखवला. "गुरासारखी घंटा बांधा आता गळ्यात!"

"बटण दाबशील ना पण?"

"कारटे, दाबेन गं. कोणी येतं का ते बघू."

६ मार्च

आठही डबे झाले, नावं दिली. तळमजला जेवणघर, बाग, पहिला मजला जिना, असं सगळं. जीव भांड्यात पडला.

तो लगेच बाहेर काढला. विश्वस्त मंडळी आली, पडद्यावर "तळमजला जेवणघर" वाचून त्यांचे चेहरे पडले. "डब्याचे पैसे जेवणघराने दिले का?"

इथे पंख्यावर देणगीदाराचं नाव, बाकावर नाव, व्हीलचेअरच्या पाठीवरही नाव. संडासाच्या दारावर तेवढं कोणाचं नाही. तिथे कोणी दानशूर पुढे आलेला दिसत नाही!

७ मार्च

कंपनीतल्या आमच्या साहेबांना फोन केला. "गिऱ्हाईक म्हणेल ते लिही. तुझ्या घरचं काय जातंय?" माझ्या घरचंच जातंय, हे त्यांना कोण सांगणार.

देणगीदारांची नावं लिहिली. आता गंमत. नावाच्या रकान्यात बसतात सोळा अक्षरं — काना, मात्रा, मोकळी जागा, सगळं धरून. आणि इथला प्रत्येक देणगीदार "समाजभूषण दानशूर" असल्याशिवाय सुरूच होत नाही. तेवढ्यातच रकाना भरला! खरं नाव बाहेर. आठही डब्यांवर आता एकच: समाजभूषण दानशूर. कारखान्यातून एका पत्त्याचे आले, इथे एका नावाचे झाले.

वाटलं, आता तरी कळेल. इस्त्रीसाहेब खूश! "वा! कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. वादच मिटला."

मी हसले. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र हसू आलं नाही.

१० मार्च

उद्घाटन. फीत, भाषण, पुन्हा भाषण. टाइल्सवाल्या शेठजींनी लाल बटण दाबलं. सिस्टरचा फोन वाजला, पडद्यावर — समाजभूषण दानशूर. शेठजी गहिवरले. "बघा, मशीनने मला ओळखलं!" टाळ्या.

आत्या मागच्या खुर्चीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "नाव मोठं, लक्षण खोटं."

१७ मार्च

आत्या पडली. भरदुपारी, पुन्हा न्हाणीघरात. बटण दाबलं. फोन वाजला. समाजभूषण दानशूर.

सिस्टर जेवणघरात धावली. मग बागेत. मग पहिल्या मजल्यावर एकेक दार ठोठावत. सगळ्यात शेवटी दुसऱ्यावर. आत्याचं मनगट मोडलंय. गार फरशीवर पडून पडून ओठ निळे झाले होते.

"ताई, मी धावतच होते हो. पण कुठे धावू?" सिस्टर रडत होती.

इस्त्रीसाहेब म्हणाले, "यंत्रणा उत्तम चालली. फोन लागला की नाही?" लागला! लागला हो! माझ्या हातात तेव्हा पकड होती, ती मी खाली ठेवली, एवढंच लिहिते.

नाव आत्ताच्या आत्ता बदलते म्हटलं. "छे! नाव देण्याचा अधिकार देणगीदाराचा. तसा ठरावच आहे."

प्लास्टरमधल्या आत्याने मान वळवली. "म्हणजे नवा डबा दिला, तर हवं ते नाव?"

"अगदी हवं ते, आजी. वडिलांचं, आईचं..."

"हं," आत्या म्हणाली.

२० मार्च

"कारटे, हिचा फासा काढ. एका हाताने निघत नाही." गळ्यातली साखळी. जन्मभर लोकांचे कपडे शिवून केलेली. मी भांडले, म्हटलं साखळी विकू नकोस, डबा मी आणते. तर म्हणते, "तू आणलास तर तुझा हुकूम चालेल. मला माझा चालवायचाय." काढून दिली. तिचा गळा किती बारीक झालाय!

२६ मार्च

विश्वस्तांची सभा. मी दाराशी उभी.

"आजी, नवव्या डब्याला नाव काय द्यायचं?"

"२रा मजला डावीकडे."

"हे... आपले कोण?"

"कोणी नाही. मी तिथे राहते."

कोणी खोकलं. कोणी ठराव पुन्हा वाचला. पण नियम म्हणजे नियम, आणि तो त्यांचाच! पास.

डबा आत्याच्या दाराबाहेर बसवला. पत्ता दिला, मग नाव. मोजून सोळा अक्षरं! आत्या शिंपिणीच्या नजरेने पडद्याकडे बघत म्हणाली, "बघ, मापात बसलं." दोघी पोट धरून हसलो.

२ एप्रिल

पहिल्या मजल्यावरचे आजोबा मुलाच्या मागे लागलेत — मलाही जिन्याच्या नावाचा डबा दे. आणखी दोघी तयार आहेत. विश्वस्तांचा नवा ठराव: जागेचं नाव हवं असल्यास देणगी दुप्पट.

१५ एप्रिल

आत्या गेली. सकाळी छातीत कळ आली, बटण दाबलं. सिस्टर थेट वर. चहाचा कप हातात होता तशीच धावली म्हणाली. आत्याने डोळे उघडून बघितलं. "आलीस? कुठे हिंडली नाहीस ना?" आणि तिचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

एकटी नव्हती. एकटी नव्हती माझी आत्या.

२१ एप्रिल

इस्त्रीसाहेबांचा फोन. आवाज जड. मंडळींनी एकमताने ठरवलंय — नवव्या डब्याला आत्याचं नाव द्यायचं. पूर्ण मानाने, पुढे समाजभूषण दानशूर लावून. "आणि मॅडम, ते तुमच्याच हातून व्हावं."

हो म्हटलं.

२२ एप्रिल

गेले. लॅपटॉप जोडला. नावाला हात लावला नाही, नाव बदलायला जो पासवर्ड लागतो तो बदलला. तिथे आत्याचं नाव घातलं — ते कोणालाच दिसत नाही. इस्त्रीसाहेबांनी विचारलं, "झालं?" म्हटलं, "दिवा हिरवा आहे."

आत्याच्या खोलीत नव्या आजी आल्यात. गळ्यातला फोन चाचपत म्हणाल्या, "दाबलं तर कोणी येतं का गं?"

"येतात, आजी. इथेच येतात."