चिंचेनं घासलेला राजा

३ जानेवारी २००६, बेलवली.
मी चौथीत शाळा सोडली, अन् लेकाची पायल एम.ए.ला यवन, म्हणजे ग्रीक, राजे शिकतेय! भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा आपला मिलिंद राजा, त्याच्या मागून आलेले. कोण आधी, कोण नंतर, कुणी लिहून ठेवलं नाही. नाण्यांवरून काढायचं. एकानं दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारला की खाली जुनं नाव अर्धंमुर्धं दिसतं. म्हणजे वरचा नंतरचा. तिच्या चिंतामणी सरांनी असं एक तांब्याचं नाणं विश्वासानं दिलंय, रुमालात बांधून. मला तर आनंद मावेना.

५ जानेवारी, सकाळी ११.
पायल कॉलेजात. नाणं किती कळकट! चिंच, मीठ लावून माहेरचा हंडा घासते तस्सं घासलं. राजाचं नाक काय लखलखलं! पोरीला सरप्राईज.

तोच दिवस, दुपार.
खालचं नाव दिसत नाही. चष्मा जुना झालाय बहुतेक. पायल आली की लगेच सांगणार.

६ जानेवारी.
सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं. आयडिया सुचली. दोन हजार वर्षं मातीत राहून ते तसं झालं होतं, परत मातीत घातलं की होईल पहिल्यासारखं. कोरफडीच्या कुंडीत पुरलं. चार दिवस बास.

७ जानेवारी.
पायल पलंगाखाली शिरून शोधतेय. म्हणाली, आजी, माझ्यासारखी गबाळी मीच. मी म्हटलं, सापडेल गं. भाकरी घशाखाली उतरेना. दीडच खाल्ली. उद्या नक्की सांगणार.

९ जानेवारी.
उकरून पाहिलं. नाव आलं नाही. पाणी जास्त झालं असेल. पायल रडली. सून अंजनानं विचारलं, आई, तुम्ही पाहिलंत का? मी म्हटलं, मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं! रोज सकाळी खोटं न बोलण्याचं शील घेते मी. तोंडानं घेते, एवढंच.

१२ जानेवारी.
सांगितलं. नाणं हातावर ठेवलं. तिनं धुतलं, भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी, खालचं नाव पुसलं गं. मग सरांना फोन. सर, माझ्या हातून घासलं गेलं, म्हणाली. मी खुणा करत होते, माझं नाव सांग म्हणून. तिनं पाठ फिरवली.
फोन ठेवून वहीत दोन्ही राजे एका ओळीत लिहिले, मध्ये प्रश्नचिन्ह.
मी विचारलं, बाळा, आता मी काय करू?
म्हणाली, काही करू नकोस, आजी.