डावा डोळा आईसाठी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर खुर्चीत बसून लिहितोय, तेव्हा साधाच समज.) इकडे सर्व कुशल, असं लिहिणार होतो, पण आईच्या गुडघ्याचं मला फक्त तिच्या शब्दावरून ठाऊक, आणि गुडघ्याबाबत तिचा शब्द सोयीप्रमाणे बदलतो. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला?

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. डाव्याची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की आता लांबवू नका, एखादी पायरी चुकून पडतील. घोडं इथंच अडलंय. पण का अडलं, ते सांगायचं तर भिंतीपासून सुरुवात करायला हवी.

ऑपरेशनच्या आधी बाबांनी पुढच्या खोलीसाठी रंग निवडला. हवा होता सायीसारखा. दुकानातला प्रत्येक सायीचा रंग त्यांना हळदीसारखा दिसे, म्हणून शेवटी सगळ्यांत फिका उचलला आणि भिंतीला लागल्यावर खूश झाले. मग पट्टी सुटली, घरी आले, आणि दारातच म्हणाले, "हा दवाखाना इथं कुणी आणून ठेवला?" रंगाऱ्यानं फसवलं म्हणून त्याला बोलावणं गेलं. त्याच्यासमोर बाबा एकदा हा डोळा झाकत, एकदा तो. डाव्यानं साय, उजव्यानं चुना. रंगारी बिचारा म्हणाला, "काका, आधी एक डोळा ठरवा, मग मी डबा उघडतो."

मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेलं (दुसरा वर्ग), त्यामुळे गप्प बसवेना. म्हटलं, पिकल्या भिंगातून पिवळं दिसतं म्हणून तो डोळा खोटा कशावरून? नव्या भिंगाला दिसतं तेच भिंतीचं खरं रूप, याला साक्षीदार कोण? रंग भिंतीत असतो की पाहणाऱ्यात? आई म्हणाली, "भिंत राहू दे चार दिवस तशीच. आणि तू जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

इथवर गंमत होती. मग बाबांनी उजव्या डोळ्यानं आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू एवढी कधी थकलीस?" आई आत निघून गेली.

तेव्हापासून ती त्यांच्या डावीकडूनच येते. चहा डावीकडून, औषध डावीकडून, पेपर वाचून दाखवायची खुर्चीसुद्धा डावीकडे. धूर पाहून आग ओळखावी तसं मी अनुमान काढलं, की उजवीकडच्या खिडकीतून तिला वारा लागत असणार. रविवार खर्ची घालून खिडकीच्या फटी बुजवल्या. (खिडकी आता उघडत नाही.) आई डावीकडेच. शेवटी सरळ विचारलं, तर म्हणाली, "त्या बाजूनं मी बरी दिसते रे."

आता ती म्हणते, ऑपरेशनची घाई काय आहे? आणि बाबा म्हणतात, "डावा असू दे. तेवढा एक तुझ्या आईसाठी ठेवतो." तेव्हा तू ये आणि आईला समजाव. माझा शब्द या घरात प्रमाण मानत नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र पुन्हा वाचलं. 'बराच वेळ पाहिलं' असं लिहिलंय खरं, पण मी बाबांच्या मागे उभा होतो. मला त्यांची पाठ दिसत होती, नजर नव्हे. म्हणून आज त्यांनाच विचारलं. म्हणाले, "अरे, किती वर्षं तिच्या चेहऱ्यावर धुकंच होतं. मी तिला ओळखायचो ते कपबशीच्या आवाजावरून. त्या दिवशी चेहरा दिसला आणि वाटलं, ही एवढी थकली आणि मला कळलं कसं नाही? आता तर दोन्ही डोळ्यांनी बघायचंय. पण तिलाच नको असेल, तर राहिलं." हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हाच एवढं सगळं बोलायला काय झालं होतं?"

आणखी ता. क. : आज चहा उजवीकडून आला. (हे मात्र मी स्वतः पाहिलं.) तेव्हा समजवायला येऊ नकोस, नुसतीच ये. आणि येताना आईसाठी एक शाल आण. पट्टी सुटेल त्या दिवशी तिला ती हवी आहे. रंग तूच निवड. बाबांच्या डोळ्यांवर आणि माझ्या तत्त्वज्ञानावर तिचा विश्वास नाही.