रुख्मिणीच्या नावाची बोली

२ डिसेंबर २००७

लावला एकदाचा! रेडिओ इंटरनेटच्या लिलावावर लावला. सात दिवसांची मुदत. पुढच्या रविवारी दुपारी तीनला बोली बंद. सुरुवात दीड हजारापासून.

इथे अकोल्यात, हीनाच्या इंटरनेट कॅफेत बसून केलं सगळं. फोटोही तिनंच काढले. शिसवी पेटी, आवाज खणखणीत, फक्त समोरचा हिरवा डोळा पेटत नाही. स्टेशन बरोबर लागलं की तो डोळा मिटत येतो. जुन्या रेडिओंची सारी शान त्या डोळ्यात. तो मेलेला आहे हे मी पहिल्याच ओळीत लिहायला लावलं. हीना म्हणाली, "काका, आपल्या मालाचा ऐब कोनी पहले सांगते का? खाली लिहा ना कुठंतरी." म्हटलं, नाही. रोज सकाळी दत्ताच्या तसबिरीसमोर उभं राहावं लागतं मला.

विकला गेला तर बरं. माझ्या दुकानात दुरुस्तीला आता काही येत नाही. खेड्यात कापसाचं बिनसलं की पहिल्यांदा पंखा-मिक्सर तसेच पडून राहतात.

३ डिसेंबर

एक बोली. पुण्याचे गृहस्थ, अठराशे. नावापुढे दोनशे बारा चांगल्या व्यवहारांची खूण. असा माणूस पाहिला की जिवाला बरं वाटतं.

४ डिसेंबर

दुसरा कोणी आला. दोन हजार एक! पण नावापुढे शून्य. खातं कालच उघडलेलं. नाव म्हणजे नुसता इंग्रजी एन आणि पुढे आकडे. हीना म्हणते, असे लोक बोली लावतात आणि पसार होतात. तिच्या भावाचा मोबाइल असाच तीनदा "विकला" गेला आणि अजून घरीच आहे. "ना आगा ना पीछा. अशायवर भरोसा नाही ठेवायचा, काका."

५ डिसेंबर

पुण्याच्यांनी चोवीसशे केले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या एनची बोली — पंचवीसशे एक. कालचीही दोन-दहाचीच होती! माणूस आहे की यंत्र?

त्याला विचारलं, आपण कोण, कुठले, पैसे कसे देणार.

६ डिसेंबर

उत्तर आलं. दोन वाजून बारा मिनिटांनी! इंग्रजी अक्षरांत मराठी. "मी घेनार आहे. पक्कं समजा. काळजी नको." एवढंच. गाव नाही, पत्ता नाही.

हीना म्हणाली, "हटवून टाका त्याले. बटन आहे." खरंच आहे. विकणाऱ्याला कुणाचीही बोली रद्द करता येते. बोट ठेवलं. दाबलं नाही.

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. तो मला लबाड वाटत होता. पण त्याच्यामुळे भाव चढत होता.

७ डिसेंबर

आज जे केलं ते नीट लिहून ठेवतो.

आमच्या गावी, नांदगाव खंडेश्वरकडे, दत्तजयंतीला देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. पंधरा वर्षं बोली मीच पुकारतो. पूर्वी लोक चढाओढीनं बोलायचे. गेली तीन-चार वर्षं मंडप गप्प असतो. मग अध्यक्ष खुशालराव डोळ्यानं खुणावतात आणि मी कुणाच्या तरी नावानं रक्कम चढवतो. बोली तापवणं म्हणतात याला. देवाचं काम, कुणी मनावर घेत नाही. गेल्या वर्षी बायकोच्या, रुख्मिणीच्या नावानं एकशे एकावन्न म्हटलं, आणि पुढे कुणी सरकलंच नाही! रिवाज असा की तापवलेली बोली अंगावर आली तर पैसे भरून नारळ घरी न्यायचा. नेला. चटणी केली. रुख्मिणी हसत होती, "लय महाग चटनी, बाप्पा!"

तर आज सकाळी हीनाकडे गेलो नाही. स्टेशनजवळच्या कॅफेत गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही. रुख्मिणीच्या नावानं खातं उघडलं. तीन हजार लावले. मनाला समजावलं की ही परीक्षा आहे. लबाड असेल तर पळेल, खरा असेल तर पुढे येईल.

दोन-दहाला तो आला. तीन हजार एकशे एक.

८ डिसेंबर

पुण्याच्यांनी शहाणपणानं काढता पाय घेतला. आता दोघंच. तो आणि "रुख्मिणी".

सकाळी चार हजार केले. दोन-दहाला तो, चार हजार एकशे एक. तिथे थांबायचं होतं. देवा, तिथे थांबायचं होतं! पण हात गरम झाला होता. संध्याकाळी पुन्हा स्टेशनजवळ गेलो आणि पाच हजार लावले. येईलच म्हटलं, रोज येतो.

९ डिसेंबर

दोन-दहा. दोन-वीस. पावणेतीन. कोणी नाही.

तीन वाजता पडद्यावर लिहून आलं. लिलाव संपला, जिंकणारी रुख्मिणी.

हीना ओरडली, "मुबारक हो काका! पूरे पाच हजार!" मी हसलो. कसा हसलो, देव जाणे.

१० डिसेंबर

एनला निरोप पाठवला. "पाच हजारवाली बाई लबाड निघाली. तुम्ही चार हजार एकशे एकला घ्या."

लबाड कोण ते लिहायची गरज नाही.

१२ डिसेंबर

पाच हजारांच्या विक्रीवरचं कमिशन कंपनीला हवं आहे. ते माफ व्हायचं तर तक्रार करावी लागते की घेणारानं पैसे दिले नाहीत. तीन दिवस थांबून करता येते. आज केली. हीनाकडेच बसलो. ती टाइप करत होती, मी सांगत होतो. शेरा काय लिहू, म्हणाली. म्हटलं, "खोटी बाई. पैसे देत नाही. सावध राहा."

तिची बोटं थांबली. "काका, काकूचं नाव बी रुख्मिणीच ना?"

"त्या नावाच्या लय बाया असतात."

तिनं पुढे टाइप केलं. बटन दाबलं. नावापुढे लाल खूण आली. रोज चहा सांगते, आज सांगितला नाही.

दुकानात येऊन डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी. कांदा वेगळ्या पुडीत बांधून दिलेला, भाजीचा ओलावा लागू नये म्हणून. खोट्या बाईनं.

१३ डिसेंबर

एननं फोन नंबर दिला. लावला.

"हालो, कोन? हां हां, रेडिओवाले! बोला ना दादा. मी नत्थुजी बोलून राह्यलो, वरुडहून."

साठी उलटलेला आवाज. संत्र्याच्या पेट्या ठोकतो म्हणाला. मालकाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे. "आमच्या इकडं दोन वाजता लाइन येते. मालक जेवाले जाते, तवा मुनीमजी मले बसू देते. रविवारी लाइन आलीच नाही चारपावतर. आलो पाहाले, त तुमचं दुकान बंद!" आणि हसला. मोकळं हसला.

मी म्हटलं, ती बाई खोटी निघाली, रेडिओ तुम्ही न्या.

तिकडे ठोकाठोक ऐकू येत होती. मग म्हणाला, "तुमी भेटले काय तिले?"

"नाही."

"मंग खोटी कायच्यावरून? बाईमानसानं पाच हजार बोलले म्हंजे तिचा किती जीव असन त्याच्यावर! यंदा कोनाच्या घरी पैसा वेळेवर येऊन राह्यला, सांगा बरं? थांबा आठ-पंधरा दिवस. आन् तिच्या नावापुढं थे लाल खून केली ना तुमी, पाह्यली मी कॉम्प्युटरवर, थे पुसून टाका, दादा. बाईचं नाव हाय थे."

"पण तुम्हाला पाहिजे होता ना?"

"पाह्यजे त होता. गावात पंचायतीचा असाच रेडिओ होता, संध्याकाळी चावी फिरवाचं काम मायाकडं होतं. आखा गाव बसे समोर. पन तिची बोली वरची. मी मधात येत नाही."

मग दुकानाचा पत्ता विचारून घेतला, आणि मेलेल्या डोळ्यावर नंबर कोणता आहे हेही. वाचून दाखवला. "हूं," म्हणाला.

ती बाई म्हणजे माझी बायको आणि ती बोली म्हणजे मी, हे जिभेवर आलं होतं. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

१४ डिसेंबर

दुपारी दोनची लाइन! आमच्या गावीही दिवसा लाइन आली की पिठाची गिरणी, मोटार, मोबाइलचं चार्जिंग, सगळं एकदम धावत सुटतं. मला ते यंत्र वाटलं. आणि तो वरचा एक रुपया! पंधरा वर्षं देवळात एकशे एक, दोनशे एक पुकारतोय मी. शुभाचा एक रुपया वर लावणारा माणूस कुठला असतो हे मला कळू नये?

पुण्याच्या दोनशे बारा खुणा खऱ्या वाटल्या, आणि आपला माणूस शून्य दिसला. त्या लिलावात एक खोटं खातं होतं, हे खरं. ते मी उघडलं होतं.

१५ डिसेंबर

लाल खूण पुसायला गेलो. पुसता येत नाही. एकदा लिहिलं की राहतं.

१९ डिसेंबर

खुशालरावांचा फोन. "देवराव, यंदा मंडप थंडाच राहीन. कळसाचं काम अडून हाय. बोली तापवा लागन बरं, तुमच्याबिगर कोन हाय?" येतो म्हटलं.

२१ डिसेंबर

बकरी ईद. हीनाकडून शेवया आल्या. डबा तिनं रुख्मिणीच्या हातात दिला, काकूशी दहा मिनिटं बोलली. माझ्याकडे नुसतं पाहिलं. डबा परत करताना रुख्मिणीनं धुऊन त्यात संक्रांतीसाठी आणलेले तीळ घातले. रिकामा डबा ती कुणाकडे पाठवत नाही.

दोन तारखेचं पान काढून वाचलं. "तसबिरीसमोर उभं राहावं लागतं मला." फाडावंसं वाटलं. राहू दिलं.

२३ डिसेंबर. गावी.

दत्तजयंती. आरती झाली, नारळ हातात घेऊन उभा राहिलो. एक अकरा म्हणाला, एक एकवीस. मग गप्प. खुशालरावांनी खुणावलं. मी बघितलं नाही. जवळ येऊन कानात म्हणाले, "वहिनीचं नाव घ्या ना, मागच्या सालवानी!"

जीभ वळली नाही. एकवीस एकवार, दोनवार, तीनवार. दिला नारळ.

"देवाचं नुकसान केलं तुमी," खुशालराव सगळ्यांसमोर म्हणाले. मान खाली घालून ऐकलं.

यात माझा काही मोठेपणा नाही. ज्यांना सांगायचं त्या दोघांना सांगितलं नाही, आणि इथे येऊन खरा झालो. स्वस्तातलं प्रायश्चित्त! देवालाही ते कळलं असेल.

२४ डिसेंबर

जेवणानंतरच्या गाडीनं परत आलो. दारातच रुख्मिणी. हातात पत्र्याची डबी आणि एक कागद. दुकान बंद दिसलं म्हणून पोस्टमननं पार्सल घरी आणून दिलं होतं. पत्ता असा — सौ. रुख्मिणीबाई, मार्फत देवराव रेडिओवाले, जुने शहर, अकोला.

डबीत कापूस, कापसात हिरवा डोळा. कागद तिनं मला दिला नाही. स्वतः वाचून दाखवला, चौथीतल्या मुलीसारखा, अक्षराला अक्षर लावून.

"बहिणीस नत्थुजीचा नमस्कार. तुमचं मन त्या रेडिओत आहे हे मले समजलं. पैशाची घाई करू नका. दुकानदार भला मानूस आहे, थांबतो बोलला. हा डोळा आमच्या पंचायतीच्या रेडिओचा. तीस वर्षं जपून ठेवला. बसवून घ्या. रेडिओ सुरू झाला की एक दिवस ऐकाले येईन."

दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कोन? मले बहीन म्हनते. मी कवा बोली लावली?"

सांगितलं. स्टेशनजवळच्या कॅफेपासून सगळं. लाल खूणही. शेराही, शब्दाला शब्द.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसली आणि मेथीची जुडी निवडायला घेतली. सगळी निवडून झाली, काड्या सुपात गोळा केल्या. मग म्हणाली, "बसवा डोळा."

२५ डिसेंबर

बसवला. पेटला! नागपूर लागलं तसा हळूहळू मिटत आला. रुख्मिणी समोर बसून पाहत होती.

२६ डिसेंबर

नत्थुजींना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आन् थे बाई? तिले मालूम हाय?" हो म्हटलं. "मंग मायाशी काय बोलता? तिच्याशी बोला," आणि फोन ठेवला.

रुख्मिणीला हेही सांगितलं. तिनं नंबर मागून घेतला. कागदावर लिहिला, पदराच्या गाठीत बांधला.

२८ डिसेंबर

रुख्मिणी पहाटेच्या अमरावतीच्या गाडीनं गेली. तिथून वरुड. रेडिओ गोधडीत बांधून मांडीवर घेतला. मी येतो म्हटलं.

"तुमी कायले? बोली माया नावाची होती. अंगावर आला त नारळ ज्याचा त्यानंच उचलाचा, तुमीच सांगता ना लोकायले?"

केवढ्याला देशील, विचारलं.

"थे मी पाहीन, न् थो पाहीन." गाडी सुरू झाली तशी खिडकीतून म्हणाली, "खोट्या बाईले भाव नका सांगू."